खारं पाणी कोणाला हवं, कोणाला नको

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

जागतिक पाणथळ दिनाच्या निमित्तानं आपल्या रविवार पुरवणीत पानभर मजकूर आला. वरच्या अर्ध्या पानात रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा. खाली १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी झालेला करार, भारत त्यात १९८२ साली सामील झाला ते, मग नळसरोवर, थोळ, खिजडिया आणि आमच्या डभोईजवळचं वढवाणा ही नावं, आणि शेवटी कांदळवन कार्बन कसा धरून ठेवतं याचं कौतुक. वढवाण्याचा तलाव सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला हे आपण आवर्जून छापलंत, म्हणून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आम्हा मराठी मंडळींना बरंही वाटलं. पण एवढ्या मोठ्या पानात शास्त्रज्ञ बोलले, वनाधिकारी बोलले. ज्याचे पाय रोज त्या चिखलात जातात असं एकही माणूस बोललेलं नाही.

माझं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं, धरमतर खाडीच्या काठचं. लग्न होऊन बडोद्यात आले, इथल्या जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. बांध बघत वाढले आणि पुढे जन्मभर नकाशे बघितले. त्या दोन्हींच्या आधारावर हे लिहिते आहे.

खारेपाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. भरतीचं पाणी अडवायला खाडीच्या कडेनं मातीचा बांध असतो आणि बांधात जागोजाग उघाडी. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी उघाडीची झडप बाहेर ढकलतं आणि खाडीत निघून जातं. भरती आली की बाहेरचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. ना वीज, ना पंप. आत भात पिकतं, तेही मीठ सोसणारं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं त्यासाठी वेगळ्या जाती काढल्या, त्यांना ‘पनवेल एक’, ‘पनवेल दोन’ अशीच नावं आहेत. शेताच्या कडेला तळं आणि तळ्यात जिताडा. पावसाळ्यात खाडीतली पिलं आणून सोडायची, ती तळ्यातल्या बारीक मासळीवर वाढतात, आणि घरात कार्य निघालं की तळं काढायचं. आमच्या कायस्थांच्या घरात जिताड्याच्या तुकडीवरून भावाभावांत अबोले झालेले मी पाहिलेत, पण तो विषय इथे नको.

हा बांध राखणं पूर्वी गावाचं काम होतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीचं पाणी फार चढत नाही, तेव्हा घरटी एक माणूस बांधावर जायचा आणि चिखल काढून माथ्यावर टाकायचा. पुढे १९४८ चा आणि मग १९७९ चा खारभूमी कायदा आला, काम सरकारी खात्याकडे गेलं आणि गाव निविदेची वाट बघायला लागलं. बांधाला खांड पडली आणि ती त्याच भांगात बुजवली नाही, तर पुढच्या उधाणाला ती रुंदावते आणि आतलं भाताचं शेत खारं होतं. काही वर्षं पाणी असंच आत-बाहेर करत राहिलं की तिथे तिवर, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं झाड, उगवतो. तिवरानं एकदा मूळ धरलं की त्याचं कांदळवन होतं, आणि कांदळवन झालं की सातबारावर आजोबांचं नाव असलं तरी त्याला हात लावायची सोय राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाची तोड राज्यभर बंद केली आणि त्याच्या भोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यात भराव आणि बांधकामही बंद केलं.

निकाल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. नवी मुंबईपासून उरणपर्यंत डंपर कसे रात्री रिकामे होतात हे ज्यांनी पाहिलंय ते त्या निकालाबद्दल हातच जोडतील. पण माझ्या थोरल्या भावाच्या जागेवरून बघा. पाणथळ जागेला धोका कोणता, असं त्याला विचारलंत तर तो पहिला धोका ‘तिवर’ सांगेल. दुसरा, खाडीतून ये-जा करणारी मालवाहू बार्ज, कारण तिच्या लाटांनी बांधाच्या पायाची माती निघून जाते. तिसरा, दुरुस्तीची फाइल. समुद्र वर येतोय हे त्यालाही कळतं. उधाणाचं पाणी हल्ली बांधाच्या माथ्याला लागतं हे त्याला कोणा शास्त्रज्ञानं सांगावं लागलेलं नाही. तरी ते तो चौथ्या क्रमांकावर टाकतो. त्याबद्दल अर्ज कोणाकडे करायचा ते त्याला ठाऊक नाही म्हणून.

त्याच खाडीच्या दुसऱ्या अंगाला कोळीवाडा आहे. आमच्या घरी म्हावरं घेऊन येणाऱ्या मावशीला मी हाच प्रश्न विचारला तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, “गो बाय, तिवराचे मुलान पिलां वारतान. तिवर तोरला का म्हावरा कठशी येल?” निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, करंदी, सगळं त्या मुळांच्या आसऱ्यानं. पुरुष डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, घेऊन बाहेर जातात, पण पावसाळ्यातल्या बंदीत, आजारपणात, होडीचं इंजिन बसलेलं असताना घर चालतं ते बायकांनी ओहोटीला चिखलात उतरून हातानं वेचलेल्या मालावर. त्याला परवाना नाही, पावती नाही, कुठल्या खात्याच्या वहीत नोंद नाही. कातकरी कुटुंबांचंही तेच, त्यांचे कित्येक दिवस खेकड्यांवर निघतात. खाडीची किंमत काय, असं विचारल्यावर मावशीनं रुपये सांगितले नाहीत. “उपाशी नाय ऱ्हायलो,” एवढंच म्हणाली. आणि धोक्यांच्या यादीत तिनं भराव टाकणाऱ्याच्या शेजारी आमच्या बांधालाही बसवलं. आमचं भात जिथे उभं राहतं तिथे कधी काळी मासळी शिरायची, असं तिच्या सासूनं तिला सांगितलेलं.

म्हणजे खाडी एक, चिखल एक, दोघंही पिढ्यान् पिढ्यांचे काठावरचे. एकाला खारं पाणी बाहेर राहायला हवं, दुसरीला ते आत यायला हवं. आपल्या लेखात ‘स्थानिक समुदायांचा सहभाग’ असं छापलंय ते वाचताना मला प्रश्न पडला की सहभाग यातल्या कोणाचा?

यात मधली वाट नाही असंही नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. फोन लागायला लागले तेव्हा भाऊ म्हणाला, “पुढे तिवर होता तिथला बांध राहिला गं.” आणि त्याच दमात, “म्हणून तो माझ्या शेतात नको.” मला यात विसंगती दिसत नाही. बांधाबाहेर तिवर आणि आत भात ही जुन्या लोकांचीच विभागणी होती. खांड वेळेवर बुजवली असती तर शेतकरी आणि वनखातं यांच्यात आज जो वाद आहे तो बराचसा झालाच नसता. त्या अर्थानं कांदळवन वाचवायचं असेल तर आधी बांधाच्या दुरुस्तीला पैसे द्या, असं माझं मत आहे. पर्यावरणवाल्या मंडळींना ते आवडणार नाही.

पैशातलं मोलही एकदा निघालंय. उरणच्या किनाऱ्यावर बंदर वाढलं, भराव पडला, भरतीच्या वाटा बंद झाल्या. तिथले पारंपरिक मच्छीमार हरित न्यायाधिकरणात गेले आणि २०१५ साली १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. नकाशात ज्या चिखलाला रंगसुद्धा देत नाहीत त्याचा हिशेब तिथे कुटुंबागणिक मांडला गेला. आपल्या लेखात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं. त्याऐवजी रोहित पक्ष्यांचा फोटो थोडा लहान केला असता तर चाललं असतं. ठाणे खाडीत रोहित वाढले त्याचं एक कारण सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ आहे, असं अभ्यासकच सांगतात. त्याच खाडीचे कोळी मासळी गेली म्हणून रडतात. गुलाबी थवा दिसला म्हणून खाडी सुखात आहे असं वाचकानं समजू नये.

आता आपल्या घराजवळ. बडोद्याच्या माणसाला समुद्र म्हणजे दमण किंवा सोमनाथ वाटतो. पण २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहाप्रमाणे देशातल्या पाणथळ क्षेत्राचा बावीस टक्क्यांहून जास्त हिस्सा एकट्या गुजरातेत आहे. त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास भाग म्हणजे भरतीत बुडणारी आणि ओहोटीत उघडी पडणारी चिखलाची मैदानं, कच्छच्या आणि खंबातच्या आखातातली. जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला आपल्यातले बरेच जण जातात. भरतीत पिंडी बुडते ती बघायची, हात जोडायचे, गाडीत बसायचं. देवळापलीकडच्या चिखलाकडे कोणी बघत नाही. तिथे पगडिया मच्छीमार असतात, म्हणजे होडी नसलेले, पायी जाणारे. ओहोटीबरोबर आत चालत जायचं, खुंटांना जाळी बांधायची, पुढच्या ओहोटीला पुन्हा जाऊन मासळी सोडवायची. या आखातात भरती दहा मीटरच्या वर चढते, त्यामुळे परत फिरायची वेळ चुकली तर पळून सुटण्यासारखं काही नसतं. आमच्या निवटीला इकडे लेवटा म्हणतात; भरूच-सुरतेकडे तो चवीनं खातात.

तिथल्या एका वयस्क काकांना मी विचारलं की दरिया बिघडला तो कशानं. त्यांनी मान उचलून मला नीट बघितलं आणि म्हणाले, “तमारा वडोदराथी.”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी समुद्राकडे नेण्यासाठी १९८३ मध्ये सुमारे ५६ किलोमीटरचा कालवा सुरू झाला. पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून जाऊन तो सारोदजवळ महीच्या मुखाशी रिकामा होतो. प्रक्रिया करूनच पाणी सोडायचं असा नियम आहे, आणि एवढ्या मोठ्या भरतीत ते विरून जाईल हा त्यामागचा हिशेब. कागदावर तो चुकत नाही. पण विरून जाण्याची जागा म्हणून ज्या मुखाची निवड झाली, तिथेच माशांची पिलं वाढतात आणि तिथेच पगडिया उभा असतो, हे त्या हिशेबात धरलं गेलं का? कालव्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांत बोअरच्या पाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं छापून येतायत. पाण्याची ओढ असलेल्या शेतकऱ्यांनी तेच सांडपाणी शेताला घेतल्याचंही नोंदलेलं आहे. आपल्या विश्वामित्रीचंही शेवटचं गाव तेच: पावागडाहून निघते, शहराचं सगळं पोटात घेते, ढाढरला मिळते आणि खंबातच्या आखातात उतरते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ती पस्तीसच्याही वर गेली आणि मगरी सोसायट्यांत आल्या, तेव्हा आपल्याला कोतरांची, म्हणजे नदीकाठच्या घळींची, आणि बुजवलेल्या तलावांची आठवण झाली. पाणी उतरल्यावर ती आठवणही उतरली.

खाऱ्या-गोड्याचा माहेरचा तंटा मला इथेही भेटला, आणि तो जास्त मोठा आहे. भरूचजवळ भाडभूतला नर्मदेवर बंधारा घातला जातोय. भरतीचं खारं पाणी नदीत वर चढू नये आणि गोडं पाणी साठावं हा हेतू. ज्यांच्या विहिरी खारवल्यात त्या काठच्या शेतकऱ्याला तो हवा, आणि त्याचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. मच्छीमाराला तो नको. हिल्सा समुद्रात वाढते आणि अंडी घालायला पावसाळ्यात नदीत वर चढते. मुखाशीच दारं बसली तर तिची वाट अडते, आणि भरूचच्या मच्छीमारांचा वर्षाचा मोठा पैसा त्या एका हंगामात असतो. नदीतून खाली येणारं पाणी वरच्या धरणानंतर आटलं, म्हणून समुद्र आत आला, हे दोन्ही बाजूचे लोक सांगतात. कळ वरून लागली आणि भांडतायत खालचे.

कल्पसर योजनेचंही असंच. भावनगरकडून भरूच जिल्ह्यापर्यंत सुमारे तीस किलोमीटरचं धरण घालून आखाताचा माथा गोड्या पाण्याचं सरोवर करायचा, ही कल्पना कित्येक वर्षं कागदावर फिरते आहे. खारवलेल्या शिवाराचा मालक तिच्याकडे आशेनं बघतो. पगडिया मच्छीमाराला मात्र भरतीच उरणार नाही. त्याला ‘पर्यायी रोजगार’ म्हणून काय देणार, चिखलात चालायची कला कोणत्या कारखान्यात लागते?

तिसरा माणूस तर कोणाच्याच डोक्यात नसतो. नर्मदेच्या मुखाशी आलियाबेटावर फकिराणी जत मालधारी, म्हणजे जनावरं पाळणारे लोक, राहतात. त्यांचे खाराई उंट पाण्यात पोहून जाऊन चेर, म्हणजे आपला तिवर, चरतात. २०१५ साली या उंटांना वेगळी जात म्हणून मान्यताही मिळाली. वनखात्याला चेर वाढवायचा आहे, आणि त्याचं काम खरंच दिसतं: २०२१ च्या वन सर्वेक्षणात गुजरातेत ११७५ चौरस किलोमीटर कांदळवन, महाराष्ट्रात ३२४. पण खात्याच्या लेखी उंट हा चेरचा शत्रू. मालधाऱ्यांचं म्हणणं उलटं: उंट वरचा शेंडा खातो आणि त्याच्या पायांनी बी चिखलात दाबलं जाऊन रुजतं. खरं कोणाचं ते तपासता येईल. आधी त्यांना विचारावं तर लागेल.

हे सगळं कायद्यात कुठे बसतं ते आपल्या लेखकानं लिहिलं नाही, म्हणून माझ्या जुन्या खात्याच्या सवयीनं लिहिते. २०१७ च्या पाणथळ नियमांतून किनारा नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागा वगळल्या आहेत. त्यामुळे खाडीचं आणि चिखलाच्या मैदानाचं भवितव्य जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेवर आणि तिच्या नकाशांवर ठरतं. त्या नकाशांत सगळं मोजमाप भरतीच्या उच्चतम रेषेपासून होतं. मोजणीत अनेक वर्षं घालवलेली बाई म्हणून सांगते, कातळाच्या किनाऱ्यावर ही रेषा आखणं सोपं आहे. खंबातच्या सपाट चिखलात किंवा खांड पडलेल्या खारेपाटात ती कुठे धरायची यावरून एखाद्याचं शेत वनात जातं किंवा एखादीचा चिखल उद्योगाच्या भूखंडात. तिथे पिढ्यान् पिढ्या उधाण कुठवर लागलं हे सांगू शकणारी माणसं काठावर बसलेली असतात. मसुदा नकाशा मात्र संकेतस्थळावर आणि बहुधा इंग्रजीत असतो, आणि हरकती ऐकायला जनसुनावणी जिल्ह्याच्या गावी.

यासाठी आपल्या दैनिकाला एक विनंती. अशा सुनावणीची जाहीर सूचना छापायला येते तेव्हा तिच्याखाली त्या दिवसाची तिथी आणि भरती-ओहोटीची वेळ छापत जा. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, डोल त्याच दिवसांत चालते. त्या दिवशी सकाळी अकराला कचेरीत कोळी येणार नाही, आणि इतिवृत्तात ‘मच्छीमारांची हरकत आली नाही’ असं लागेल. सुनावणी अष्टमीच्या भांगाला ठेवली तर तो मोकळा असतो. फक्त माझा भाऊ तेव्हा येऊ शकणार नाही, बांधाचं काम भांगातच करायचं असतं. तेव्हा एक सुनावणी कोळीवाड्यात आणि एक बांधावरच्या गावात, वेगवेगळ्या तिथींना घ्यावी लागेल. सूचना दोनदा छापायचा खर्च जिल्हाधिकारी कचेरीला परवडण्यासारखा आहे.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदा